काऊन गेला जी? लिव्हर गेलं होतं!

सदर, गड्डीगोदाम, मंगळवारी बाजाराच्या मागच्या गल्ल्या. यांतल्या कोणत्याही वस्तीत मयताला गेलात तर दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. कोणीतरी हळूच विचारतो, "काऊन गेला जी?" दुसरा त्याहून हळू सांगतो, "लिव्हर गेलं होतं ना." विचारणारा मान हलवतो आणि गप्प होतो. दोघांनीही मनातल्या मनात मृत्यूचे कारण लिहून टाकलेले असते, दारू. पुढे कोणी विचारत नाही. विचारणे म्हणजे घरच्यांच्या दुःखावर मीठ चोळणे, अशी आपली समजूत.

आम्हीही अनेक वर्षे अशीच मान हलवली. मग एका बाईच्या मयताला हेच वाक्य ऐकले आणि मान हलेना. या बाईने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. घरात पंचशील, दर पौर्णिमेला विहारात हजेरी. सिकलसेल होता. दोन बाळंतपणांत रक्त चढले होते, त्यानंतरही दोन-तीनदा चढले. शेवटच्या भरतीत पोटात पाणी झाले, रक्ताच्या उलट्या झाल्या आणि तेव्हा कुठे एका तपासणीच्या कागदावर लिहून आले की यांना हिपॅटायटिस सी आहे. कधीपासून? कोणालाच सांगता येईना. तरीही स्मशानातून परतताना एक जण म्हणालाच, "नवरा पाजत असेल."

या एका वाक्याने आम्हाला हा लेख लिहायला भाग पाडले. हिपॅटायटिस सी झालेल्यांपैकी लिव्हरने कोण मरतो आणि कोण जगतो, हा प्रश्न डॉक्टरांचा आहेच. पण तो इतिहासाचाही आहे, आणि आमचे म्हणणे असे की तो जातीच्या इतिहासाचाही आहे.

आधी रोगाबद्दल दोन शब्द. हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा विषाणू. सोबत जेवल्याने, एका ग्लासात पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने तो होत नाही. दूषित रक्त, दुसऱ्याला टोचलेली सुई, नीट न उकळलेली हत्यारे, डायलिसिसची निष्काळजी मशीन, गोंदवण्याची सुई, हे त्याचे रस्ते. आईकडून बाळाला होऊ शकतो, पण कमी वेळा. शंभर जणांना लागण झाली तर तिसांच्या आसपास लोकांचे शरीर सहा महिन्यांत तो स्वतःच हुसकावून लावते. बाकीच्यांच्या लिव्हरमध्ये तो मुक्काम ठोकतो आणि वीस-वीस वर्षे चूं करत नाही. काविळीची वाट पाहणारा माणूस इथेच फसतो, कारण या रोगात काविळ बहुतेकदा दिसते ती शेवटी. आपल्याकडे तर हातावर चुना चोळून पाणी पिवळे करून दाखवणारे आणि गळ्यात माळ घालून 'काविळ उतरवणारे' अजून धंद्यात आहेत. त्यांच्या त्या पिवळ्या पाण्याचा लिव्हरशी काडीचा संबंध नाही. पण त्यांच्याकडे जाण्यात गेलेले महिने मात्र खरे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात ५ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू कायमचा आहे आणि २०२२ या एका वर्षात सुमारे २ लाख ४२ हजार माणसे त्याने गेली. त्याच अहवालात भारताचा आकडा ५५ लाखांचा आहे. म्हणजे आपण कोपऱ्यातल्या एखाद्या दुर्मीळ रोगाबद्दल बोलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. विषाणू तोच, पण मरण सारखे नाही. १९७७-७८ मध्ये आयर्लंडमध्ये बाळंत झालेल्या शेकडो स्त्रियांना अँटी-डी नावाचे इंजेक्शन दिले गेले, आणि त्या औषधातच हिपॅटायटिस सी होता. तरुण, धडधाकट, पोटभर खाणाऱ्या स्त्रिया. सतरा वर्षांनी त्यांच्या लिव्हरचे तुकडे काढून तपासले तेव्हा शंभरात दोघींनाच सिरोसिस, म्हणजे लिव्हर दगडासारखे कडक होण्याची अवस्था, आढळली. इतरत्र वीस वर्षांत शंभरातल्या पंधरा ते तीस जणांना सिरोसिस होतो असे मानले जाते. एवढा फरक का? १९९७ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी दोन हजारांवर रुग्णांचा हिशेब मांडला. त्यात तीन गोष्टी वर आल्या. लागण चाळिशीनंतर झालेली असणे, रुग्ण पुरुष असणे आणि रोज ५० ग्रॅमच्या वर दारू पोटात जाणे. पुढच्या अभ्यासांनी यादी वाढवली. सोबत एचआयव्ही असणे, सोबत हिपॅटायटिस बी असणे, मधुमेह आणि लठ्ठपणाने लिव्हरवर चढलेली चरबी, शरीरात साठलेले जादा लोह. आणि या सगळ्यांच्या वर एक गोष्ट, रोग उशिरा कळणे.

पुस्तकात या यादीला 'जोखमीचे घटक' म्हणतात. वाचताना वाटते, या रुग्णाच्या खाजगी सवयी आहेत. कोणाला आहेत, कोणाला नाहीत. आमची हरकत इथे आहे. यादीतला एकेक घटक उचला आणि विचारा की हा या माणसाच्या अंगात कोणत्या दाराने आला. उत्तरे वस्तीत सापडतात.

लोहापासून सुरुवात करू, कारण हा घटक विदर्भाबाहेरच्या कार्यकर्त्यांना सहसा माहीत नसतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्याच शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल एक टिपण छापले. तोवर भारतात हा आजार निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांत दिसला होता. नागपूरच्या टिपणाने तो आपल्या दारात आहे हे सांगितले. पुढच्या पाहण्यांत चित्र स्पष्ट होत गेले. विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार समाजात याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत, काही पाहण्यांत शंभरात वीसच्या आसपास. तेली, कुणबी यांच्यातही तो सापडतो, कमी प्रमाणात.

मग सुरू झाली कुजबुज. 'महारांचा आजार.' सोयरीक मोडायला नवे कारण मिळाले.

जनुकाला जात कळत नाही. मलेरियाच्या मुलुखात ज्याच्या रक्तात हे जनुक एका बाजूने आले तो मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त, म्हणून ते टिकले. पण टिकलेले जनुक ठरावीक समाजांतच का कोंडले गेले? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीतल्या जातीतच लग्न करण्याची सक्ती हाच जातीचा प्राण आहे, ही त्यातली मांडणी आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. ती मांडणी समाजशास्त्राची होती, पण तिचा एक परिणाम रक्ताच्या नळीतही दिसतो. चार भिंतींत लग्ने लावत राहिले की वाहकाला वाहकच भेटण्याची शक्यता वाढते, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता चारात एक. मलेरियाने दिलेले जनुक जातीच्या भिंतींनी आमच्यात कोंडून ठेवले. आता त्याच भिंतीच्या आतल्या माणसाला 'तुमचा आजार' म्हणून हिणवायचे, ही चलाखी ओळखायला हवी.

सिकलसेलच्या रुग्णाला थॅलेसेमियासारखे दर महिन्याला रक्त लागतेच असे नाही. पण झटका आला, हिमोग्लोबिन एकदम उतरले, बाळंतपण आले, ऑपरेशन ठरले, लहानपणी पक्षाघात झाला, की रक्त चढते. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असे पुस्तकात बरीच वर्षे छापले जात होते. नागपूरच्या मुलांच्या अभ्यासांनी ते विदर्भापुरते तरी खोटे ठरवले. इथली पोरे वारंवार भरती होतात. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह बाहेर टाकू शकते. उरलेले जाते कुठे? लिव्हरमध्ये. आणि साठलेले लोह व हिपॅटायटिस सी एकाच लिव्हरमध्ये भेटले तर ते लिव्हर एकट्या विषाणूच्या तुलनेत लवकर कडक होते. थॅलेसेमियाच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसले आहे.

म्हणजे ज्या पिशवीने जीव वाचवला तिनेच लोह दिले, आणि कित्येकदा विषाणूही तिनेच दिला.

आता त्या पिशवीचा इतिहास. १९७५ मध्ये अमेरिकेत हार्वे आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रक्त चढवल्यावर होणारी बरीचशी काविळ 'ए'चीही नाही आणि 'बी'चीही नाही. तिसरे काहीतरी आहे. १९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी तो विषाणू शोधला. १९९० पासून अमेरिकेत रक्ताच्या पिशव्या त्यासाठी तपासल्या जाऊ लागल्या. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राईस यांना २०२० चे नोबेल मिळाले. भारतात प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये.

मधली अकरा वर्षे. या अकरा वर्षांत रक्त विकत घेतले जात होते, हेही लक्षात ठेवा. रिक्षा ओढणारा, हमाल, फुटपाथवर झोपणारा गरज पडली की रक्त विकायचा, महिन्यात दोनदाही. त्याच्या अंगातले हिमोग्लोबिन कोणी विचारायचे नाही, त्याला टोचलेल्या सुईचा हिशेब नाही. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची खरेदी-विक्री बंद झाली. रक्त विकणारा कोण होता आणि सरकारी वॉर्डात ते चढवून घेणारा कोण होता, याचा विचार केला तर दोन्ही टोकांना आपलीच माणसे उभी दिसतात. श्रीमंताचे नातेवाईक रक्त द्यायला यायचे. गरिबाला बाटली मिळायची.

ब्रिटनमध्येही १९७० ते १९९० च्या दशकांत दूषित रक्ताने तीस हजारांवर लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी झाला आणि सुमारे तीन हजार गेले. तिथल्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सरकारला दशकानुदशके सोडले नाही. अखेर चौकशी बसली, २० मे २०२४ ला अहवाल आला, सरकारने संसदेत माफी मागितली आणि भरपाईची योजना केली. आपल्याकडे २००१ पूर्वी ज्यांना रक्त चढले त्यांना शोधून तपासायची देशव्यापी मोहीम काही निघाली नाही. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आपल्या आया-मावश्या, ज्यांना १९८०-९० च्या बाळंतपणांत रक्त चढले, त्या अजूनही न तपासलेल्या आहेत.

आणि २००१ नंतर सगळे ठीक झाले असेही नाही. सक्तीची तपासणी बहुतेक ठिकाणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला हिपॅटायटिस सीच्या बाबतीत दोनेक महिने लागू शकतात. त्या काळात दिलेले रक्त कागदावर 'स्वच्छ' असते. नॅट नावाची तपासणी थेट विषाणूच शोधते आणि हा काळ काही दिवसांवर आणते, पण ती देशात सक्तीची नाही. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. त्यातले एक मूल गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. बातम्या चार दिवस चालल्या. ती मुले मात्र आयुष्यभर गोळ्या घेणार.

बरे, लागण झालीच, तर उपचार? इथे तर इतिहासाने आपली थट्टाच केली. नव्या गोळ्या येईपर्यंत, म्हणजे साधारण २०१४ पर्यंत, या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या देत. खर्च लाखांत, सहा महिने ते वर्षभर उपचार, आणि एवढे करून बरे होणारे निम्म्याच्या आसपास. पण पैशाची गोष्ट बाजूला ठेवा. रिबाव्हिरिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना ते देऊ नये असे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असायचे. म्हणजे रक्त चढवून ज्यांना हा रोग होण्याची शक्यता सर्वात जास्त, नेमके त्यांनाच त्याचे औषध चालत नव्हते.

रोग ओळखण्यातही हाच पेच. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी सतत फुटतात, म्हणून त्याचे डोळे थोडे पिवळे असतातच. घरच्यांना त्याची सवय होते आणि डॉक्टरांनाही. "सिकलवाला आहे, डोळे पिवळे राहणारच" असे म्हणून लिव्हरची खरी तक्रार पुढे ढकलली जाते. लिव्हर किती कडक झाले याचा अंदाज बांधायला सरकारी दवाखान्यात जे स्वस्त गणित वापरतात, त्यातला एक आकडा पेशी फुटल्यानेही वाढतो. तेव्हा सिकलसेलच्या रुग्णाचे ते गणित चुकू शकते. ओपीडीत आपल्या माणसासोबत उभे राहणाऱ्या कार्यकर्त्याला हे माहीत असले पाहिजे, म्हणजे तो विचारू शकेल की फायब्रोस्कॅन करता येईल का.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आले. एक गोळी १ हजार डॉलरची, बारा आठवड्यांचा कोर्स ८४ हजार डॉलरचा. इथून पुढचा भाग आपल्या तरुणांनी नीट वाचावा, कारण तो संघटनेचा इतिहास आहे. या औषधाच्या पेटंटला भारतात आव्हान दिले ते नुसत्या औषध कंपन्यांनी नाही. दिल्लीतल्या एचआयव्ही बाधितांच्या संघटनेने, म्हणजे खुद्द रुग्णांनीही दिले. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. पुढे मे २०१६ मध्ये पेटंट दिले गेले, पण तोवर भारतीय कंपन्यांना परवाने मिळालेले होते आणि बाजार फुटलेला होता. २०१५ मध्ये अठ्ठावीस गोळ्यांची बाटली वीस हजारांच्या आत मिळू लागली, पुढे त्याहून कितीतरी स्वस्त झाली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. साध्या रुग्णाला बारा आठवडे रोज सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर, सिरोसिस झालेल्याला सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर. शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे होतात. बहुतेकांना रिबाव्हिरिन लागत नाही, म्हणून सिकलसेलच्या रुग्णालाही हा रस्ता पहिल्यांदाच मोकळा झाला.

तरीही माणसे मरतात, कारण रस्ता मोकळा असणे आणि रस्त्यावर पोचणे यांत सदर ते मेयो एवढे अंतर आहे. तसे बघितले तर किती? रेल्वेची लाईन ओलांडली की मेयो. सदर म्हणजे इंग्रजांच्या वेळचा छावणीचा बाजार. रेसिडेन्सीच्या नावाचा रस्ता अजून इथे आहे, छावणीच्या नावाचा मोहल्ला आहे, आणि बंगल्यांच्या मागे त्या बंगल्यांत राबणाऱ्यांच्या लाईनी होत्या. आजही दर्शनी रस्त्यावर काचेचे शोरूम, खासगी दवाखाने आणि पॅथॉलॉजीच्या पाट्या आहेत, आणि मागच्या गल्लीत रोजीवर जाणारी माणसे. त्या माणसाला मेयोला जायचे तर एक दिवसाची मजुरी जाते. पहिली तपासणी, मग विषाणू आहे की नाही याची दुसरी तपासणी, मग त्याचा रिपोर्ट, मग सोनोग्राफी, मग गोळ्या. पाच फेऱ्या, पाच मजुऱ्या. चौथ्या फेरीला तो जात नाही. डॉक्टरांच्या यादीत याला 'रुग्णाने पाठपुरावा केला नाही' असे लिहितात.

आता दारूचे. हा विषय टाळला तर आमचे सगळे म्हणणे पोकळ ठरेल.

दारूने लिव्हर खराब होते हे खरेच आहे, आणि हिपॅटायटिस सी असलेल्या माणसाची दारू दुप्पट वेगाने त्याच्यावर उलटते. पॅरिसच्या अभ्यासातली ५० ग्रॅमची रेघ आपल्या भाषेत सांगायची तर रोजचा एक पव्वा. १८० मिलिलिटरच्या पव्व्यात साठच्या आसपास ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. म्हणजे रोज एक पव्वा लावणारा त्या रेघेच्या पलीकडेच उभा आहे, आणि आपल्याकडे रोज एक पव्वा लावणाऱ्याला कोणी दारुडाही म्हणत नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा दारूची ठेवली ती उगाच नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर पिऊन नाचणाऱ्या पोरांना आम्ही हे तोंडावर सांगतो, आणि शिव्या खातो.

पण आमच्यातल्याच काही शिकलेल्या मंडळींशी आमचे इथे भांडण आहे. त्यांना दारू म्हटले की विषय संपल्यासारखा वाटतो. प्यायला, मेला, त्याचे त्याने पाहून घ्यावे. अहो, गटारात उतरणारा सफाई कामगार काय पिऊन उतरतो आणि का, हे तुम्हाला माहीत नाही? सरकारमान्य दुकान वस्तीच्या तोंडाशीच का असते? चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी चिमूरहून पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर आल्या होत्या, सदरला लागूनच असलेल्या विधान भवनावर. १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. दारू ही सवय आहे, धंदा आहे आणि सरकारचा महसूलही आहे. मरणाच्या दाखल्यावर मात्र फक्त सवय उरते.

आणि सर्वात मोठे नुकसान वेगळेच आहे. 'लिव्हर म्हणजे दारू' या समीकरणामुळे न पिणारा तपासत नाही, कारण त्याला वाटते मला कशाला होईल. पिणारा तपासत नाही, कारण त्याला वाटते काय निघणार ते मला माहीत आहे. सिकलसेलवाला तपासत नाही, कारण त्याचे डोळे पिवळेच असतात. लाजेने तिघांचाही उशीर होतो, आणि आधी सांगितलेच, उशीर हा सर्वांत वरचा घटक. काही ठिकाणी आमच्या माणसांना ऐकवले गेले की आधी दारू सोडा, मग गोळ्या देऊ. हे नियमात बसत नाही. पिणे सुरू आहे एवढ्या कारणावरून हिपॅटायटिस सीचे औषध नाकारू नये, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दारू सोडवायचे काम वेगळे चालू ठेवा, पण विषाणू आधी घालवा. दोन शत्रूंपैकी एक बारा आठवड्यांत मरतो, तर त्याला का सोडायचे?

सरकार मनावर घेते तेव्हा काय होते हे इजिप्तने दाखवले आहे. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथल्या सरकारने नाईलकाठच्या शेतकऱ्यांना गोगलगायीतून पसरणाऱ्या एका कृमीरोगावर लाखो इंजेक्शने दिली. सुया त्याच त्या. रोग हटवायच्या मोहिमेने गावेच्या गावे हिपॅटायटिस सीने भरली. जगात सर्वांत जास्त प्रमाण इजिप्तचे झाले. तोच देश २०१८ मध्ये उठला, वर्षाच्या आत पाच कोटींच्या घरात लोक तपासले आणि सापडलेल्यांना फुकट औषध दिले.

आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चांगलेच झाले. पण तिची आखणी आदिवासी भागांना धरून आहे. आदिवासी बांधवांना ती पुरेपूर मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. प्रश्न एवढाच की सदर, इंदोरा, जरीपटक्याच्या गल्लीतला बौद्ध पोरगा त्या नकाशात कुठे आहे? नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या वतीने आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, त्यामागे अशा माणसांच्या खेटा आहेत. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वस्तीतल्या किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे, हे एकदा विचारून पाहा.

आणि त्या मोहिमेत सिकलसेल तपासताना त्याच रुग्णाची हिपॅटायटिस सी आणि बी तपासणीही व्हावी, अशी मागणी करायला कोणती क्रांती लागते? बोटाच्या थेंबावर चालणारी पट्टी वीस मिनिटांत उत्तर देते.

आपण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे घेतो. अभिमानाने घेतो आणि घेत राहू. यापुढे ज्या रक्तपेढीला बोलवाल तिला आधी विचारा, नॅट होते का? आणि शिबिरात ज्याचे रक्त हिपॅटायटिससाठी पॉझिटिव्ह निघते त्याला तुम्ही कळवता की नुसती पिशवी नष्ट करता? दाता आपला, तर त्याचा रिपोर्टही आपल्याला कळला पाहिजे, म्हणजे त्याच्या हातात, गावभर नव्हे. हिपॅटायटिस सीवर लस नाही, बीवर आहे. बीची लस देशभर सगळ्या बाळांना मिळू लागली ती २०११ च्या सुमारास, तेव्हा आजच्या बहुतेक कार्यकर्त्यांनी ती घेतलेली नाही. ती घ्या.

ज्यांची तपासणी पॉझिटिव्ह येते त्यांनी घाबरून जाऊ नये. पहिली तपासणी फक्त विषाणू कधीतरी आला होता एवढेच सांगते, आणि बरे झाल्यावरही ती आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. विषाणू आत्ता अंगात आहे का, हे दुसऱ्या, आरएनए तपासणीने कळते. सिरोसिस झालेल्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका मागे उरतो.

सिकलसेल असलेल्या प्रत्येक घरात कपाटावर एक प्लास्टिकची पिशवी असते. त्यात एक्स-रे, पिवळ्या पडलेल्या भरतीच्या चिठ्ठ्या, लाल कार्ड, कधीकाळच्या पावत्या. ती खाली काढा. रक्त कधी चढले, किती पिशव्या, कोणत्या साली, हे एका कागदावर उतरवून घ्या. २००१ च्या आधीची एक जरी नोंद निघाली, तर तो कागद घेऊन त्या माणसासोबत मेयोला किंवा मेडिकलला जा. आणि पाचही फेऱ्यांना सोबत राहा.